मनाई हुकमाची चतुःसीमा

२७ जून २०२५, शुक्रवार. सकाळचे साडेदहा होऊन गेले होते. ऑफिसातल्या प्रिंटरने कागद गिळला होता आणि मी त्याच्या पोटात हात घालून तो ओढून काढत होते, तेवढ्यात भाचीचा फोन आला. ती टेक्ससात, डॅलसच्या उत्तरेला राहते. मी न्यू जर्सीत, एडिसनला. तिला बत्तिसावा आठवडा लागलेला. एरवी तिच्या फोनची सुरुवात "काय केलंस आज जेवायला" अशी होते. त्या दिवशी थेट प्रश्न.

"मावशी, न्यू जर्सी त्या यादीत आहे ना? टेक्सस नाहीये."

"कुठल्या यादीत?"

"स्टेच्या गं. ज्या राज्यांनी केस केलीय ना, त्यांच्या. मी तुझ्याकडे येऊन बाळंतपण केलं तर?"

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत. तिचं माहेर नाशिकला. ताईचा व्हिसा ऑगस्टच्या आत होतोय की नाही याचा पत्ता नव्हता. आणि आता अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एक निकाल देऊन तिचं माहेर एडिसनला हलवलं होतं. हसू आलं मला, पण पोरगी रडायच्या बेताला आली होती म्हणून गिळलं.

ज्यांचं या प्रकरणाकडे लक्ष नव्हतं त्यांच्यासाठी थोडक्यात. २० जानेवारीला, दुसऱ्या कारकिर्दीच्या पहिल्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला. आई इथे बेकायदा राहत असेल, किंवा कायदेशीर पण तात्पुरती राहत असेल, आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर इथे जन्मलेल्या मुलाला नागरिक मानायचं नाही. आदेशानंतर तीस दिवसांनी आणि पुढे जन्मणाऱ्या मुलांना हे लागू. "कायदेशीर पण तात्पुरती" यात आपली किती माणसं बसतात ते एडिसनच्या कुठल्याही देशी किराणा दुकानाच्या रांगेत उभं राहून मोजावं. ग्रीन कार्डाच्या नोकरीवाल्या रांगेत एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्केच जागा येतात, त्यामुळे भारतातून आलेला माणूस इथे घर घेतो, कर भरतो, लॉनवरचं गवत दर शनिवारी कापतो, आणि कागदोपत्री वर्षानुवर्षं तात्पुरताच राहतो. भाची आणि जावई दोघंही त्यातलेच.

आदेश निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी सिॲटलच्या फेडरल न्यायाधीशांनी तो रोखला. मग मेरीलँड, न्यू हॅम्पशर, मॅसॅच्युसेट्स. न्यू हॅम्पशरचा हुकूम त्या दाव्यातल्या वादींपुरता होता, बाकीचे तीन देशभरासाठी. २७ जूनला 'ट्रम्प विरुद्ध कासा' (कासा ही स्थलांतरितांसाठी काम करणारी संस्था) या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की देशभरातल्या सगळ्यांसाठी असा सरसकट मनाई हुकूम देण्याचा अधिकार बहुधा फेडरल कोर्टांना नाहीच. जो दावा घेऊन आला त्याला पूर्ण दाद मिळेल एवढाच हुकूम द्यायचा. मूळ आदेश घटनेत बसतो की नाही यावर कोर्टाने त्या दिवशी काहीच ठरवलं नाही. दावे लावणारी राज्यं बावीस. न्यू जर्सी त्यात आहे, टेक्सस नाही. म्हणजे भाचीचं गणित अगदीच वेडगळ नव्हतं.

मी तिला म्हटलं, "आधी विमानाचं तिकीट काढू नकोस. बातम्या बंद कर. हुकमाची प्रत मिळव आणि शेवटून वाच."

हे मी सगळ्यांनाच सांगते. कारण कोर्टाच्या हुकमाची किंमत त्यातल्या भाषणात नसते. कुणी, काय, कुणाविरुद्ध करायचं नाही हे ज्या पाच-दहा ओळींत लिहिलेलं असतं तेवढाच खरा हुकूम, बाकीची शंभर पानं त्याची कारणं. पण ही अक्कल मला उशिरा आली, आणि ती येताना पुरती फजिती झाली. ती आता सांगते.

मी सांगली जिल्ह्यात नऊ वर्षं दिवाणी वकिली केली. इथे आल्यावर एका लहानशा लॉ फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, म्हणून लागले. इथली वकिलीची सनद माझ्याकडे नाही, तेव्हा या लेखाला मावशीचा सल्ला समजा, वकिलाचा नव्हे. इथली पद्धत अशी की तुम्ही फेडरल कोर्टात मनाईचा अर्ज दिलात की सोबत हुकमाचा मसुदाही जोडायचा. न्यायाधीशांना पटलं तर त्यात दुरुस्त्या करून सही करतात, नाहीतर स्वतःचा लिहितात. पहिल्यांदा असा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं ते एका कंपनीचं होतं. त्यांचा जुना नोकर ग्राहकांची यादी घेऊन शेजारच्या गावात दुकान थाटून बसला होता. मी दहा मिनिटांत मसुदा टाइप केला. त्याचं मराठी करायचं तर असं होईल: "वादीचा अर्ज दाव्यातील विनंती कलम अ ते क प्रमाणे मंजूर. प्रतिवादीने वादीची गोपनीय माहिती वापरू नये."

मला वाटलं, काय सुटसुटीत. मुंबई हायकोर्टाच्या निम्म्या हुकमांत "प्रेयर क्लॉज ए प्रमाणे" एवढंच तर असतं! आमच्या साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हा हुकूम त्या नोकराच्या हातात पडला. त्याच्याकडे दाव्याची प्रत नाही. तो उद्या सकाळी दुकान उघडताना काय करायचं टाळेल?" मी गप्प. "कुठली माहिती? कुठले ग्राहक? फोन करायचा नाही, की त्यांचा फोन आला तर उचलायचाही नाही? किती दिवस?" मग त्यांनी नियमांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. फेडरल दिवाणी प्रक्रियेचा नियम ६५, पोटकलम डी.

तो नियम अर्ध्या पानाचा आहे. मनाई हुकमात कारणं द्या. अटी नेमक्या लिहा. जी कृत्यं करायची नाहीत, किंवा करायचीच आहेत, त्यांचं पुरेसं तपशीलवार वर्णन करा, आणि हे वर्णन दाव्याकडे किंवा दुसऱ्या कुठल्या कागदाकडे बोट दाखवून करू नका. शेवटची अट वाचून माझे कान तापले. माझा अख्खा मसुदा म्हणजे दुसऱ्या कागदाकडे दाखवलेलं बोट होतं.

दुसरा मसुदा साडेतीन पानांचा झाला. (त्यात एक गंमतीची अडचण आली. ग्राहकांची यादी गुपित म्हणून दावा, आणि हुकूम नेमका हवा म्हणून यादी हुकमात लिहायची, तर मग ती गुपित कसली? शेवटी ती सीलबंद करून हुकमाचाच भाग केली.)

खरं तर मला हे समजायला अमेरिकेत यायची गरज नव्हती. आमच्याकडे मनाईचा अर्ज म्हणजे निशाणी ५. दिवाणी कोर्टात दाव्यासोबत दिलेल्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला हाच नंबर पडतो. "निशाणी पाच झाली का?" एवढं विचारलं की शिपायालाही कळतं. आणि दावा जमिनीचा असेल तर मिळकतीचं वर्णन चतुःसीमेसकट द्यावं लागतं. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याची विहीर. चतुःसीमा चुकली तर समोरचा वकील पहिल्या तारखेलाच दात काढतो. इतकं सगळं जमिनीबद्दल काटेकोर, आणि हुकूम मात्र कधीकधी दोनच शब्दांचा: "जैसे थे".

एका तालुक्याच्या कोर्टातली गोष्ट आहे, गाव सांगत नाही. दोन चुलतभावांचा बांधावरून वाद. तारखेच्या आदल्या रात्री एकाने नांगर घालून बांध हातभर सरकवला. दुसऱ्या दिवशी दोघं कोर्टात, युक्तिवाद अर्धवट, न्यायाधीशसाहेबांना दुपारी रजेवर जायचं होतं, म्हणून पुढच्या तारखेपर्यंत जैसे थे. माझा अशील होता बांध गमावलेला. बाहेर वडाखाली येऊन तो मला म्हणाला, "बाई, जैसे थे म्हणजे कालच्यासारखं का आजच्यासारखं?" मला उत्तर देता आलं नाही. दोघांनीही हुकमाच्या नकला काढल्या, दोघांनीही पेढे वाटले. त्या आठवड्यात दोघांची डोकी फुटली आणि मग फौजदारी वेगळी सुरू झाली.

त्याच प्रश्नाची अमेरिकन आवृत्ती मला इथे येऊन सापडली, आणि ती माझ्या सगळ्यात आवडत्या खटल्यात आहे. फिलाडेल्फिया आमच्यापासून दीडेक तासावर. तिथल्या बंदरातले गोदी कामगार आणि मालकांची संघटना यांच्यात साठच्या दशकात कराराच्या एका कलमावरून भांडण झालं. काम सुरू व्हायची वेळ पुढे ढकलण्याबद्दलचं कलम. लवादाने मालकांच्या बाजूने निवाडा दिला. मालक फेडरल कोर्टात गेले, आणि कोर्टाने हुकूम दिला की युनियनने लवादाचा निवाडा पाळावा. झालं. एवढाच हुकूम. पण लवादाच्या निवाड्यात अमुक करा किंवा तमुक करू नका असं काही नव्हतंच, फक्त कलमाचा अर्थ सांगितलेला. युनियनच्या वकिलाने भर कोर्टात न्यायाधीशांना विचारलं की याचा अर्थ काय, माझ्या लोकांनी नक्की काय करायचं? न्यायाधीशांचं उत्तर होतं की अर्थ काय ते तुम्हीच ठरवायचं.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडाखालचा अशील डोळ्यांपुढे आला. फरक एवढाच की इथे पुढे कामगार कामावरून गेले, कोर्टाने अवमान ठरवला आणि युनियनला दिवसाला एक लाख डॉलर दंड लावला. १९६० च्या दशकातले लाख डॉलर! १९६७ साली सुप्रीम कोर्टाने तो दंड आणि मूळ हुकूम दोन्ही रद्द केले. न्यायमूर्ती स्ट्युअर्ट यांनी लिहिलं की अवमानाचा अधिकार हे कोर्टाचं जबर हत्यार आहे, आणि कळतच नाही अशा हुकमावर ते चालवलं तर ते जीवघेणं ठरू शकतं.

या हत्याराची धार किती असते ते सांगायला हवं, नाहीतर "नेमकेपणा" हे कारकुनी खूळ वाटेल. हुकूम चुकीचा आहे असं तुम्हाला वाटत असलं तरी तो रद्द होईपर्यंत पाळावाच लागतो. १९४७ साली कोळसा खाण कामगारांच्या युनियनला आणि तिचे अध्यक्ष जॉन लुईस यांना याचा चांगलाच चटका बसला. युनियनला पस्तीस लाख डॉलर दंड झाला. सुप्रीम कोर्टाने अटी घालून तो सात लाखांवर आणला, पण हुकूम मोडला तो मोडलाच, असं ठेवलं. तेव्हा पाळायचं काय हे तरी कागदावर हवं. 'कायदा मोडू नये' असा हुकूम दिला तर तो कुणालाच काही सांगत नाही. कायदा तर हुकमाशिवायही मोडायचा नसतोच. १९०५ मध्ये शिकागोच्या मांस कंपन्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी हेच म्हटलं होतं. संभाव्य सगळ्या कायदेभंगांना मिळून एक मनाई देता येत नाही, आणि हुकूम इतका ढिला नको की प्रतिवादीचा सगळा धंदाच अवमानाच्या टांगत्या तलवारीखाली यावा.

आल्बर्टा लेसार्ड या बाईंची गोष्ट मात्र मला अजून खुपते. विस्कॉन्सिनमधल्या वेस्ट ॲलिस गावात १९७१ साली पोलिसांनी त्यांना घरून उचललं आणि मनोरुग्णालयात नेलं. इच्छेविरुद्ध माणसाला असं डांबण्याच्या राज्याच्या पद्धतीला त्यांनी आव्हान दिलं, आणि १९७२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या फेडरल कोर्टाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. लांबलचक, गाजलेला निकाल. पण शेवटी जो निवाडा नोंदवला त्यात फक्त "आधी दिलेल्या निकालाप्रमाणे" अशा अर्थाची ओळ होती. माझा पहिला मसुदाच जणू! १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्दबातल करून परत पाठवला. नियम ६५(डी) मधली नेमकेपणाची अट ही निव्वळ तांत्रिक बाब नाही, असं बजावून. लेसार्डबाईंचं म्हणणं खरं की खोटं याला त्यांनी हातही लावला नाही. इतकं लढून बाई एका आळशी वाक्यावर अडकली. पुढे खालच्या कोर्टाने रीतसर हुकूम लिहिला, पण मधली वर्षं कोण भरून देणार?

इथवर "काय" झालं. भाचीचा प्रश्न "कोण" हा होता, आणि तिथे गोंधळ जास्त आहे, कारण "कोण" दोन प्रकारचे असतात. हुकूम कुणाला बांधतो हा एक, आणि कुणाच्या कामी येतो हा दुसरा. टीव्हीवाले दोन्हीची एकच खिचडी करतात.

बांधण्याची बाजू आपल्या वकिलांना तोंडपाठ असते. "प्रतिवादी यांनी स्वतः अगर त्यांचे तर्फे नोकर, चाकर, मुखत्यार, इसम यांचेमार्फत वादीचे कब्जा वहिवाटीस हरकत अडथळा करू नये." हे वाक्य मी हजार वेळा तरी टाइप करवून घेतलं असेल. नियम ६५(डी) चा दुसरा भाग वाचला तेव्हा सांगलीतला टायपिस्ट इथे येऊन बसलाय की काय असं वाटलं. पक्षकार, त्यांचे अधिकारी, मुखत्यार, नोकर, कर्मचारी, वकील, आणि त्यांच्याशी हातमिळवणी करून वागणारे इतर. मात्र यांतल्या ज्यांना हुकमाची प्रत्यक्ष खबर मिळाली आहे तेच. रस्त्यावरून जाणारा तिऱ्हाईत त्यात येत नाही.

पूर्वी येत असे. १८९४ साली पुलमन कंपनीच्या संपात रेल्वे बंद पडली, तेव्हा शिकागोच्या फेडरल कोर्टाने युजीन डेब्स आणि त्यांच्या युनियनविरुद्ध मनाई दिली, आणि तिच्यात "इतर कोणीही असोत ते सर्व" अशी मोट बांधली. मार्शलांनी, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्यांनी, तो हुकूम जमावापुढे मोठ्याने वाचला, लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. डेब्सना सहा महिन्यांची कैद झाली, आणि १८९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. असल्या हुकमांचा कामगार चळवळीने पुढची वीस वर्षं धसका घेतला होता. मग १९१४ च्या क्लेटन कायद्यात मनाई कशी लिहायची आणि ती कुणाला बांधते यावर कुंपण आलं, आणि १९३८ साली फेडरल नियम लागू झाले तेव्हा तेच शब्द नियम ६५(डी) मध्ये उतरले. म्हणजे माझ्या साहेबांनी पुढे सरकवलेलं ते अर्धं पान संपकऱ्यांच्या तुरुंगवासातून आलेलं आहे. न्यू यॉर्कचे न्यायाधीश लर्नेड हँड यांनी १९३० मध्ये ठणकावून लिहिलं की कोर्टाला सगळ्या जगाला मनाई करता येत नाही. (आपल्याकडे सिनेमाची चोरी रोखायला "अशोक कुमार" नावाच्या काल्पनिक प्रतिवादीविरुद्ध हुकूम घेतात, ते हँडसाहेबांना दाखवायला हवे होते.)

'कासा' मधला वाद दुसऱ्या बाजूचा होता. तिथे बांधलं जाणारं सरकार ठरलेलं होतं. प्रश्न हा की सरकारला कुणाच्या बाबतीत रोखायचं. दाव्यात ज्यांचं नाव आहे त्यांच्याच, की सगळ्यांच्या? न्यायमूर्ती बॅरेट यांनी बहुमताच्या निकालात शेजाऱ्याच्या गाण्यांचा दाखला दिला आहे. एकाने शेजाऱ्याच्या रात्रभर चालणाऱ्या कर्णकर्कश गाण्यांविरुद्ध दावा लावला तर कोर्ट आवाज कमी करायलाच सांगणार. त्याचा फायदा आळीतल्या इतरांनाही होतो, कारण वादीच्या वाट्याचा गोंगाट तेवढा वेगळा काढता येत नाही. पण तो झाला ओघाने आलेला फायदा. नवरात्रात मंडपाशेजारी राहिलेल्या कुणालाही हा दाखला पटेल. राज्यांचं म्हणणं होतं की आमची अडचण त्या गोंगाटासारखीच आहे. मूल पेनसिल्व्हेनियात जन्मतं आणि दोन महिन्यांनी न्यू जर्सीत राहायला येतं, मग आम्ही त्याला कुठल्या रकान्यात घालायचं? यावर बॅरेटबाईंनी निकाल दिला नाही. खालच्या कोर्टांनी बघावं, म्हणून परत पाठवलं, आणि ट्रम्प यांचा आदेश आणखी तीस दिवस लागू होणार नाही असं सांगितलं.

खरं सांगू? कागदावर मला बहुमताचं म्हणणं कळतं. मी चतुःसीमा लिहून मोठी झालेली बाई आहे. एका तालुक्याच्या कोर्टाने अख्ख्या महाराष्ट्राच्या बांधांवर जैसे थे दिलं असतं तर मीच ओरडले असते. पण शेताच्या बांधाला गट नंबर असतो, नागरिकत्वाला कसला गट नंबर? १५ मेच्या सुनावणीत न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी सरकारी वकिलांना अगदी घरगुती प्रश्न विचारला होता. आदेश लागू झाला तर दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल नवजात बाळाचं काय करणार? राज्यं काय करणार? वकिलांचं उत्तर असं की हॉस्पिटलं वेगळं काही करतील असं वाटत नाही, बाकी अधिकारी ठरवतील. म्हणजे पुन्हा फिलाडेल्फिया. अर्थ काय तो तुम्हीच ठरवा. कोर्टाच्या हुकमाला नियम ६५(डी) आहे. राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाला तसला नियम कुणी घातलेला नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

असो. भाचीला मी सांगितलं की तीस दिवस आहेत, तोवर पिशव्या भरू नकोस. जावयाने तरी छत्तिसाव्या आठवड्यानंतर विमानात घेत नाहीत वगैरे शोधून तक्ता बनवला होता. इन्शुरन्समध्ये एडिसनचं कुठलं हॉस्पिटल बसतं त्याचा रकाना, भाड्याच्या गाडीने चोवीस तासांचा रस्ता त्याचा वेगळा. आयटीतली माणसं घाबरली की एक्सेल उघडतात. मी वरची खोली मात्र गुपचूप आवरून ठेवली, डिंक आणि अळीवही आणून ठेवले.

१० जुलैला न्यू हॅम्पशरचे न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांचा हुकूम आला. फेब्रुवारीत फक्त वादींपुरता हुकूम देणारे हेच ते गृहस्थ. या वेळी त्यांच्यापुढे वर्गाचा दावा होता, म्हणजे एकाने आपल्यासारख्या सगळ्यांच्या वतीने लावलेला. ती वाट 'कासा'ने बंद केलेली नव्हती. मुख्य वादी होंडुरासहून आलेली एक बाई, कागदोपत्री टोपणनाव "बार्बरा". न्यायाधीशांनी तात्पुरता वर्ग मान्य केला आणि त्या वर्गापुरती मनाई दिली. सरकारला अपिलाला सवड म्हणून सात दिवस हुकूम थांबवून ठेवला.

रात्री आम्ही दोघी फोनवर तो हुकूम वाचायला बसलो. शेवटून. वर्गाचं वर्णन मी तिला सावकाश वाचायला लावलं, मिळकतीचं वर्णन वाचतात तसं. २० फेब्रुवारी २०२५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, आताच्या आणि पुढच्या व्यक्ती. ज्यांची आई जन्माच्या वेळी बेकायदा होती, किंवा कायदेशीर पण तात्पुरती होती. आणि बाप नागरिक किंवा कायम रहिवासी नव्हता. राज्याचं नाव कुठेच नाही. आईबापांनाही वर्गात घ्यावं अशी मागणी होती, न्यायाधीशांनी ती मानली नाही, वर्ग फक्त मुलांचा ठेवला.

"म्हणजे मी यात नाही?" भाचीने विचारलं.

"तू नाहीस."

"मग कोण आहे?"

"तो 'पुढच्या व्यक्ती' शब्द बघ. जी आत्ता तुझ्या पोटात लाथा मारतेय ना, ती."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "अजून नाव ठेवलं नाही गं आम्ही. आणि कोर्टात पक्षकार झाली पण."

सात दिवस गेले, हुकूम लागू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस सिॲटलच्या प्रकरणात वरच्या कोर्टाने आणि बॉस्टनच्या न्यायाधीशांनी राज्यांच्या बाजूने देशभराची मनाई कायम ठेवली, कारण मुलं राज्याच्या हद्दीत बांधून ठेवता येत नाहीत हा मुद्दा त्यांना पटला. पण तोवर आमचा एक्सेल बंद झाला होता. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात डॅलसलाच मुलगी झाली. ताई व्हिसा मिळून बाराव्याच्या आदल्या दिवशी पोचली. डिंक-अळीव मी कुरिअरने पाठवले, ते निम्मे फुटून पोचले.

सोशल सिक्युरिटीचं कार्ड आलं, पाठोपाठ पासपोर्टही. फोटोत पोरगी जांभई देतेय, आणि तो फोटो पास कसा झाला हे आम्हा सगळ्यांना कोडं आहे.

५ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने बार्बराचं प्रकरण ऐकायला घेतलं. या वेळी हद्दीचा नाही, मूळ प्रश्न: तो आदेश घटनेत बसतो का. संध्याकाळी भाचीचा फोन. मागे बाळाचं रडणं, ताईचा आवाज, कुकरची शिट्टी.

"मावशी, आता परत काय?"

म्हटलं, "निकाल लागेल तेव्हा प्रत पाठव मला. तोवर तिला झोपव."